मूळ मुदत वाचता यावी : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांस खुले पत्र

रत्नागिरी

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,


मुंबई–गोवा महामार्गाविषयी आपल्या दफ्तरी येणाऱ्या पत्रांचा ढीग लहान नसणार, आणि त्यांतील बहुतेकांत खड्ड्यांची, धुळीची, अपघातांची व गणेशोत्सवासाठी गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या हालअपेष्टांची कैफियत असणार, हे मी जाणून आहे. त्या तक्रारी रास्तच आहेत. त्यांत आणखी एकीची भर घालण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. या पत्राचा विषय वरवर पाहता पुष्कळ लहान, पण माझ्या मते त्या सर्व तक्रारींच्या मुळाशी असलेला आहे. काम किती झाले आणि किती राहिले हे शासन ज्या नोंदीवरून ठरवते त्या नोंदीविषयी, ती नोंद आता जिच्या हवाली झाली आहे त्या संगणकप्रणालीविषयी, आणि त्या प्रणालीत कामाच्या मूळ मुदतीचे काय होते याविषयी मला आपणांशी बोलावयाचे आहे.

पार्श्वभूमी आपणांस ठाऊक आहे. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचा आरंभ २०११ साली पनवेल–इंदापूर भागात झाला. तो भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता. इंदापूरपासून सिंधुदुर्गातील झारापपर्यंतचा लांब पल्ला मात्र केंद्राच्या वतीने आपल्या खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेने अंगावर घेतला, आणि म्हणून कशेडीपासून राजापूरपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातून जाणाऱ्या मार्गाचा जाब आम्हां रहिवाशांनी आपल्यालाच विचारणे प्राप्त आहे. या मार्गाचे टप्पे पाडले गेले, प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र निविदा निघाली, स्वतंत्र कार्यारंभ आदेश झाला. त्यांपैकी आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे दोन टप्पे, म्हणजे संगमेश्वर, बावनदी, निवळी, हातखंबा, पाली आणि लांजा ही गावे ज्यांवर येतात ते सुमारे ९० किलोमीटर, शेजारच्या टप्प्यांपेक्षा वर्षानुवर्षे मागे राहिले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, शासनाने न्यायालयासमोर मुदती सांगितल्या, त्या उलटल्या, नव्या सांगितल्या, त्याही उलटल्या. या साऱ्या प्रवासात पहिली मुदत कोणती होती हे आज संगमेश्वरच्या बाजारपेठेत कोणालाही विचारले तर तो सांगू शकणार नाही, आणि माझी खात्री आहे की आपल्या खात्यातील नव्याने रुजू झालेल्या एखाद्या अभियंत्यालाही ती पटकन सांगता येणार नाही. विस्मरण हा मनुष्याचा स्वभाव आहे; परंतु नोंदींची व्यवस्था मुळात त्या स्वभावाला आवर घालण्यासाठीच तर निर्माण झाली.

सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी हयात गेली, आणि त्या नोकरीत ज्या वस्तूने मला कामाची शिस्त शिकविली ती म्हणजे मोजमाप पुस्तिका, जिला आम्ही सारे ‘एमबी’ म्हणत असू. जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर अनुक्रमांक असलेली ती वही. तिचे पान फाडता येत नसे, आणि एखादे पान नजरचुकीने कोरे राहिलेच तर त्यावर तिरकी रेघ मारून ते सहीनिशी रद्द करावे लागे. मोजमाप जागेवर, फीत धरून घ्यायचे आणि जागेवरच शाईने लिहायचे. कच्च्या कागदावर टिपून संध्याकाळी बिऱ्हाडी बसून उतरवून काढण्यास मुभा नव्हती. साखळी क्रमांक (म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर), लांबी, रुंदी, खोली आणि शेवटच्या रकान्यात परिमाण. आकडा चुकला तर तो खरवडण्यास, पुसण्यास किंवा त्याच्यावर गिरवून दुसरा आकडा करण्यास सक्त मनाई होती. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ ओढायची, तीही अशी की रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता यावा; शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि तारीख घालून आद्याक्षरी करायची. उपअभियंता येऊन काही मोजमापे आपल्या हाताने पुन्हा घेई व त्यांची रुजुवात करी. कंत्राटदाराचे देयक निघे ते या पानांच्या आधारावर, आणि वाद लवादापुढे किंवा न्यायालयात गेला तर पुरावा म्हणून मान असे तो याच पानांना. गैरव्यवहार त्या काळीही होत, आणि वहीने ते सगळे रोखले असा माझा दावा नाही. मात्र दुरुस्ती केली तरी दुरुस्तीपूर्वीचे लपवायचे नाही, हे तत्त्व त्या वहीच्या पानापानांत मुरलेले होते, आणि ज्याला लबाडी करायची असेल त्याला ती शाईत आणि सहीनिशी करावी लागे.

आता त्या वहीची जागा संगणक घेत आहे, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० साली आपला सर्व प्रकल्पव्यवहार ‘डेटा लेक’ नावाच्या प्रणालीवर नेला. पुढच्या वर्षी प्रत्येक प्रकल्पाचे दरमहा ड्रोनने चित्रीकरण करून ते तेथे जतन करण्याचा दंडक घातला. केंद्रात रखडलेल्या प्रकल्पांच्या आढाव्यासाठी २०१५ पासून ‘प्रगती’ ही बैठकव्यवस्था आहे. मोठे कंत्राटदार आपले वेळापत्रक प्रायमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट यांसारख्या प्रणालीत मांडतात, आणि त्या प्रणालींच्या पोटात जे गणित आहे ते काही कालपरवाचे नव्हे. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता, आमच्या बोलीतला बार चार्ट, शंभर वर्षांपूर्वीचा. आणि हजारो कामांतून कोणत्या कामांच्या साखळीवर अखेरचा दिवस अवलंबून आहे हे शोधून काढणारी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीची. निवळीच्या घाटात डोंगर कापण्यास पंधरा दिवसांचा विलंब झाला तर पुढच्या कोणत्या मोऱ्या, कोणत्या भिंती, कोणते काँक्रीट लांबेल हे जे पूर्वी अनुभवी उपअभियंता मनातल्या मनात ताडत असे, ते आज ही प्रणाली क्षणार्धात दाखवते, आणि मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्याला टपालाची वाट न पाहता दिसते. या साधनाचा मी मनापासून पुरस्कर्ता आहे.

परंतु या साधनात एक सोय आहे, आणि माझी विनंती त्या सोयीविषयी आहे. काम सुरू होताना जो कार्यक्रम मंजूर होतो तो प्रणालीत बेसलाइन म्हणून गोठवला जातो. दरमहा झालेले काम त्याच्याशी ताडले जाते आणि मागे पडलेली कामे लाल रंगात दिसू लागतात. पुढे केव्हातरी मुदतवाढ मंजूर होते. मुदतवाढ मंजूर होताच सुधारित कार्यक्रम सादर होतो, तो नवी बेसलाइन म्हणून स्थापित केला जातो, आणि ज्या कामांत आदल्या दिवशीपर्यंत वर्षभराचा विलंब दिसत होता ती कामे दुसऱ्या दिवशी हिरवी होतात, जागेवर एक पाटी मातीसुद्धा हललेली नसताना. कागदोपत्री यात गैर काही नाही, कारण मुदतवाढ सक्षम अधिकाऱ्याने दिलेली असते. जुनी बेसलाइनही प्रणालीत कोठेतरी साठवलेली असते, जाणकाराने शोधली तर सापडतेही. पण आढाव्याच्या बैठकीत पडद्यावर जे येते, आपल्या टेबलावर ज्या एका पानाची प्रत येते आणि विधिमंडळात ज्याच्या आधारे उत्तर दिले जाते, त्यात उरतो तो नव्या मुदतीच्या तुलनेतला विलंब. एमबीमध्ये जी खाडाखोड केली असती तर माझ्यासारख्यावर खातेनिहाय चौकशी बसली असती, ती खाडाखोड येथे एका आज्ञेसरशी, नियमाबरहुकूम आणि कोणाच्याही आद्याक्षरीवाचून पार पडते.

याला जोडूनच टक्क्यांचा प्रश्न येतो. भौतिक प्रगतीचा जो टक्का आपणांस सांगितला जातो तो बहुधा कामाच्या किमतीच्या प्रमाणात काढलेला असतो, म्हणजे ज्या बाबीला अधिक पैसा तिला अधिक वजन. सपाटीवरचे सोपे किलोमीटर आधी उरकतात, कारण तेथे जमीन ताब्यात असते आणि देयक लवकर निघते. मागे राहतात ते नेमके घाट, नदीवरचा पूल, बाजारपेठेतले अरुंद वळण आणि ज्याच्या सातबाऱ्यावर दहा नावे आहेत असा एखादा तुकडा. विहिरीचा दोर हातभर तोकडा पडला तर वरचा वीस हात दोर शाबूत असूनही घागर कोरडीच वर येते. तसा नव्वद टक्के झालेला रस्ता मधल्या एका उड्डाणपुलापाशी तुटलेला असला तर रत्नागिरीहून मुंबईला रुग्ण घेऊन निघालेल्या गाडीला त्या नव्वद टक्क्यांचा लाभ फारच थोडा. म्हणून माझे म्हणणे असे की, किमतीवरचा टक्का देयकांच्या हिशेबापुरता अवश्य ठेवावा, पण लोकांसाठी आणि आपल्या स्वतःच्या आढाव्यासाठी एक निराळे माप असावे : कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत चारही पदरांवर, कोठेही वळणरस्ता न घेता, आज सलग जाता येते. हे माप खोटे दाखविणे फार अवघड आहे, कारण ते तपासण्यास अभियंता लागत नाही, एसटीचा चालक पुरतो.

विलंबाची नोंद राहिली तर खात्याची नाचक्की होईल, अशी भीती आपल्या अधिकाऱ्यांना वाटत असेल. तिला या जिल्ह्याच्याच इतिहासातले एक उदाहरण उत्तर म्हणून पुरेसे आहे. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्यांनी ज्या रेल्वेसाठी संसदेत वर्षानुवर्षे आवाज उठवला त्या कोकण रेल्वेचे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे अध्यक्ष झाले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांच्या जमिनी, नव्वदांहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. आमच्या उशाशी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवल नदीवरचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल. आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पाच वर्षांचे जे मूळ उद्दिष्ट होते ते या प्रकल्पालाही गाठता आले नाही. तरीही कोकण रेल्वेचे नाव निघाले की येथल्या माणसाच्या मनात विलंबाची आठवण उमटत नाही. याचे कारण, मला वाटते, हे की तो विलंब कशामुळे झाला हे सर्वांस ठाऊक होते : गोव्यातून मार्ग कोठून न्यावा याचा वाद झाला, काम खोळंबले, पेडण्याच्या बोगद्यात ओली, मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली, माणसे दगावली. मूळ तारीख लपवली गेली नाही, कारण लपवली गेली नाहीत, आणि लोकांनी विलंब पदरात घेतला. दिवस मोजत उलट चालणारे जे घड्याळ पुढे दिल्ली मेट्रोच्या कामामुळे देशभर प्रसिद्ध झाले तेही श्रीधरन यांच्याच कार्यपद्धतीतले. आणि त्या घड्याळात कोणत्याही अवाढव्य प्रणालीपेक्षा एक गुण अधिक होता, तो म्हणजे कार्यालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकास, शिपायापासून अध्यक्षापर्यंत, तीच एक संख्या दिसे.

याच महामार्गावरचाही एक दाखला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. एक जयगडहून निघालेली, दुसरी राजापूरहून, दोन्ही आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यानंतर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०१७ मध्ये, तेथे नवा पूल वाहतुकीस खुला झाला. शासन, अभियंते आणि कंत्राटदार तेव्हाही याच देशाचे होते. मुदत मात्र अशी होती की जी सर्वांना तोंडपाठ होती आणि जिला कोणतीही सुधारित बेसलाइन पुढे ढकलू शकत नव्हती.

पावसाविषयी एकच वाक्य लिहितो : रत्नागिरीत दरवर्षी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर मातीकाम होत नाही, हे निविदा काढणाऱ्यास ठाऊक असताना पाऊस हे मुदतवाढीचे कारण म्हणून कधीही स्वीकारले जाऊ नये, तो मूळ कार्यक्रमातच धरलेला असावा.

गतीच्या नोंदीइतकीच दर्जाची नोंद महत्त्वाची आहे, आणि तेथे प्रणाली व जागा यांच्यात एक फट राहते. काँक्रीट ओतताना त्याच घाण्यातले काँक्रीट घेऊन १५ सेंटिमीटर बाजूच्या लोखंडी साच्यांत ठोकळे भरतात; दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत ठेवतात; त्यांतील काही सातव्या दिवशी आणि उरलेले अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात, आणि किती भाराला ठोकळा फुटला यावरून काँक्रीटची मजबुती ठरते. म्हणजे आज ओतलेल्या काँक्रीटविषयीचा खरा निकाल हाती येतो तो चार आठवड्यांनी. प्रगतीच्या पडद्यावर मात्र ते काँक्रीट ओतले त्याच दिवशी ‘झाले’ म्हणून चढू शकते, आणि ठोकळ्याचा निकाल प्रयोगशाळेच्या निराळ्या नोंदवहीत पडून राहतो. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा करणे हे तज्ज्ञांचे काम आहे, त्याविषयी मी अनुमान करीत नाही. माझे मागणे इतकेच की, परिमाणाच्या प्रत्येक नोंदीला तिच्या चाचणीचा निकाल जोडल्यावाचून ती नोंद पूर्ण समजली जाऊ नये, आणि जागेवरच्या ग्रामस्थाने दिलेल्या तक्रारीलाही त्याच नोंदीत, त्याच साखळी क्रमांकावर, तारखेसह जागा असावी. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली; ते काम आपल्या खात्याचे नव्हते, पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती हे त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले. तक्रार एका फाइलीत आणि काम दुसऱ्या फाइलीत राहिले की दोन्ही फाइली निर्दोष असूनही माणसे बुडतात.

आता, शासनाला हे करता येण्यासारखे आहे का, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर आपल्याच शासनाने देऊन ठेवले आहे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे महारेरा, कार्यरत आहे. रत्नागिरीत कोणी चार मजल्यांची नोंदणीयोग्य इमारत बांधू लागला तर त्याला कामपूर्तीचा प्रस्तावित दिनांक जाहीर करावा लागतो, ठरावीक काळाने प्रगती कळवावी लागते, आणि ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल या तिघांच्या दाखल्यांवाचून काढता येत नाही. मुदत वाढली तर मूळ दिनांक आणि सुधारित दिनांक दोन्ही घर घेणाऱ्यास घरबसल्या पाहता येतात. एका खाजगी बिल्डरकडून राज्याने जी शिस्त सक्तीने मागितली ती राज्याने स्वतःच्या रस्त्याला लावून घेण्यात कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. उलट माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने अशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सर्व सार्वजनिक प्राधिकरणांवर घातलेच आहे.

तेव्हा आरवली ते वाकेड या दोन रखडलेल्या टप्प्यांपासून आपण आरंभ करावा. त्यांच्या कार्यारंभ आदेशातील मूळ मुदत, त्यानंतरची प्रत्येक मुदतवाढ, ती कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने कोणत्या दिनांकास दिली, आणि भूसंपादन, वीजवाहिन्या व जलवाहिन्यांचे स्थलांतर, वनखात्याची परवानगी किंवा कंत्राटदाराची आर्थिक ओढाताण यांपैकी कोणत्या कारणाने दिली, हे सर्व एका पानावर, मराठीत, आधीचे काही न पुसता प्रसिद्ध व्हावे. तेच पान हातखंबा तिठ्यावर आणि संगमेश्वर बसस्थानकात फलकावर लावावे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यावर नवी ओळ लिहावी. आपल्या आढावा बैठकीतील पडद्यावरही नव्या बेसलाइनच्या आधी पहिली बेसलाइन उमटावी, अशी प्रणालीतच व्यवस्था करण्याचा हुकूम आपण द्यावा. या कामास नव्या निधीची गरज नाही. माहिती आपल्या विभागीय कार्यालयांत आहे, ती मांडण्यास एका कारकुनाचे आठ दिवस पुरतील, आणि येत्या गणेशोत्सवापूर्वी ती लोकांपुढे येऊ शकेल.

ही नोंद उघडी झाली तर पहिले काही महिने आपल्या खात्यावर टीका होईल, हे मी जाणतो. ज्या शाखा अभियंत्याने वेळच्या वेळी पत्रे लिहून जागा ताब्यात मिळाली नसल्याचे कळवले होते आणि तरीही रस्त्यावर ज्याला लोकांचे शिव्याशाप ऐकावे लागले, त्याचेही म्हणणे त्याच पानावर प्रथमच उमटेल. अशी माणसे आपल्या खात्यात आहेत. मी त्यांच्याबरोबर काम केले आहे.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक निवृत्त शाखा अभियंता, रत्नागिरी